जुनी पेठ पुन्हा उभी करताना या चुका टाळा

खानदेशातील जवळजवळ प्रत्येक मोठ्या गावात एक जुनी पेठ आहे. सराफ, कापड, भांडी, किराणा, जोडे-चपला आणि मधूनच एखादे वैदूचे किंवा पूजासाहित्याचे दुकान, अशी तिची रचना सगळीकडे सारखीच असते. आज या पेठांतील बरीच दुकाने दिवसभर बंद दिसतात आणि जी उघडी आहेत त्यांतील मालक दुपारी एकटाच बसलेला असतो. धान्याचे आडते बाजार समितीच्या आवारात गेले, महामार्ग गावाबाहेरून वळले, नव्या वसाहतींना आपापली दुकाने मिळाली. धुळे आणि अमळनेरसारख्या गिरण्यांच्या गावांत पगाराच्या तारखेला होणारी गर्दीही गिरण्यांबरोबर ओसरली. अशा पेठेसाठी व्यापारी आणि रहिवासी एकत्र येतात, निवेदने देतात, बैठका घेतात आणि बहुतेक वेळा वर्षभरात थकून थांबतात. अपयशाचे खापर नगरपालिकेवर फुटते. ते काही अंशी योग्यही असते, पण मोहिमेची आखणी दुकानाच्या गादीवरून दिसणाऱ्या अडचणींवर झालेली असणे आणि गिऱ्हाइकाच्या अडचणी कोणी विचारलेल्याच नसणे, हे अपयशाचे त्याहून मोठे कारण आहे.

गिऱ्हाईक कोठून येत होते, हे न विचारणे

पहिल्याच बैठकीत ‘मॉल आणि ऑनलाइनमुळे धंदा गेला’ असे ठरते आणि पुढची चर्चा खुंटते. तालुक्याच्या पेठेचे मुख्य गिऱ्हाईक आसपासच्या खेड्यांतले असते. ते एसटीने, काळीपिवळीने किंवा लग्नसराईत पिकअप भाडे करून येते. बसथांबा पेठेपासून दूर गेला असेल किंवा काळीपिवळीचा थांबा महामार्गाच्या चौकात हलला असेल, तर उन्हाळ्यात ४४-४५ अंशांच्या उन्हात ते अंतर चालून येण्याचे कष्ट बाई-माणूस आणि लेकरे घेऊन कोण करणार? कापड व्यापाऱ्यांची खरी स्पर्धा तर पुष्कळदा सुरतेशी असते. ताप्ती मार्गावरील रेल्वेने सुरतेला जाऊन लग्नाचा बस्ता बांधून आणणारी कुटुंबे या भागात थोडी नाहीत. त्यांना पेठेतल्या फरसबंदीचे आकर्षण वाटण्याचे कारण नाही. त्यांना मालाची निवड, भाव आणि दिवसभर बसून खरेदी करण्याची सोय हवी असते.

यासाठी मोठे सर्वेक्षण लागत नाही. बाजाराच्या दिवशी बसस्थानकाच्या दारात उभे राहून गावाहून आलेल्या लोकांना तीनच प्रश्न विचारावेत: कोणत्या गावाहून आलात, काय घ्यायला आलात आणि पेठेत जाणार नसाल तर का नाही. विचारणारा अहिराणी बोलणारा असेल, तर उत्तरे मोकळी मिळतात. ‘पेठेत बायकांना जायला जागाच नाही’ हे उत्तर तेव्हाच ऐकू येते, कारण व्यापाऱ्यांच्या बैठकीत ते कोणी उच्चारत नाही. बस्ता बांधायला आलेल्या कुटुंबातील दहा-बारा बायका पाच-सहा तास पेठेत असतात. स्वच्छ, कडी लागणारे आणि पाणी असलेले स्त्रियांचे स्वच्छतागृह ही त्या पेठेची पहिली गरज आहे. प्रवेशकमान आणि शोभेचे दिवे त्यानंतरचे. अनेक मोहिमांच्या मागणीपत्रात कमान पहिल्या क्रमांकावर असते आणि स्वच्छतागृह नसतेच.

पार्किंगचे खापर गिऱ्हाइकावर फोडणे

पार्किंगच्या तक्रारीत बहुतेक वेळा एक गोष्ट लपलेली असते. सकाळी दुकाने उघडताच, गिऱ्हाईक यायच्या आधीच, दोन्ही बाजूंच्या कडा दुचाकींनी भरून जातात. या गाड्या मालकांच्या आणि नोकरांच्या असतात आणि त्या रात्रीपर्यंत हलत नाहीत. सकाळी अकरा वाजता आणि दुपारी चार वाजता उभ्या असलेल्या गाड्यांचे क्रमांक लिहून घेतले, तर दोन्ही याद्यांत किती क्रमांक सारखे आहेत ते कागदावरच दिसते. ही यादी आधी आपापसांत वाचावी, मग पोलिसांकडे जावे. दुकानदारांनी गाड्या लावण्यासाठी शाळेचे किंवा मंदिराचे रिकामे आवार मासिक भाड्याने घेतले, तरी अर्धा प्रश्न सुटतो आणि त्यासाठी कोणाच्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. मालाचे ट्रक आणि टेम्पो सकाळी नऊच्या आत रिकामे करण्याचा नियम व्यापाऱ्यांनी स्वतःवर घालून घेतला, तर वर राहणारे रहिवासीही मोहिमेत टिकतात.

हातगाडीवाल्यांना शत्रू ठरवणे

बांगड्या, फुले, भाजी, फणी-कुंकू विकणारे हातगाडीवाले आणि पाटीवाल्या बाया हटवा, ही मागणी जवळजवळ प्रत्येक निवेदनात असते. ती कायद्यापुढे टिकत नाही. पथविक्रेत्यांविषयीच्या २०१४ च्या केंद्रीय कायद्यानुसार सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही उठवता येत नाही. शहर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे असावे लागतात आणि त्यांतील एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. पन्नास वर्षांहून जुन्या बाजारांना तर याच कायद्यात वेगळे संरक्षण आहे. शिवाय व्यवहाराच्या दृष्टीनेही ही मागणी आत्मघातकी ठरते, कारण रोजची भाजी घ्यायला येणारी बाईच परतताना किराणा आणि खण घेऊन जाते.

आणखी एक बाब अवघड आहे, पण ती बोलली पाहिजे. हटावची मागणी करणाऱ्यांपैकी काहीजण स्वतःच्या दुकानापुढची सार्वजनिक जागा हातगाडीवाल्याला रोजच्या भाड्याने देत असतात. ही गोष्ट पालिकेच्या अतिक्रमण विभागाला ठाऊक असते आणि मग निवेदन फायलीत पडून राहते. त्यापेक्षा आधी दुकानदारांनी आपल्या वाढवलेल्या पायऱ्या, बाहेर टांगलेले कपडे आणि रस्त्यावर मांडलेली भांडी आत घ्यावीत आणि मग विक्रेत्यांच्या प्रतिनिधींना बसवून रस्त्यावर रेघ मारून घ्यावी. अग्निशमन दलाचा बंब सरळ आत येईल एवढी वाट मोकळी राहिली पाहिजे, या एका निकषावर दोन्ही बाजूंचे एकमत लवकर होते. लाकडी माड्यांच्या पेठेत आगीची भीती सगळ्यांनाच असते.

काँक्रीट आधी आणि गटार नंतर

पैसे मिळाले की सर्वांत आधी रस्त्याचे काँक्रीटीकरण मागितले जाते, कारण ते डोळ्यांना दिसते आणि त्याचे उद्घाटन करता येते. पेठेचे कायमचे नुकसान करणारी चूक बहुधा हीच असते. जुना रस्ता न खोदता त्यावर काँक्रीटचा थर चढवला की रस्त्याची पातळी दुकानाच्या उंबऱ्यापेक्षा वर जाते आणि पहिल्याच जोरदार पावसात पाणी दुकानात शिरते. जुन्या दुकानांचे जोते एकेकाळी रस्त्याच्या दोन-तीन पायऱ्या वर होते. अनेक ठिकाणी आज दुकानात उतरून जावे लागते, ते याचमुळे. दुसरी अडचण त्याहून नेहमीची आहे. काँक्रीट होऊन वर्षही उलटत नाही तोच पाणीपुरवठ्याची किंवा भुयारी गटाराची वाहिनी टाकण्यासाठी तोच रस्ता फोडला जातो. जलवाहिन्यांच्या कामांसाठी उकरलेल्या रस्त्यांचा अनुभव जळगावकरांना नव्याने सांगण्याची गरज नाही.

म्हणून कामांचा क्रम मोहिमेने लेखी मागावा. आधी भुयारी गटार आणि पावसाचे पाणी वाहून नेणारी नाली, मग पाण्याची वाहिनी आणि प्रत्येक घराच्या नळजोडण्या, मग विजेच्या तारा भूमिगत करायच्या असतील तर त्यांच्या नळ्या आणि सर्वांत शेवटी रस्ता, असा तो क्रम असावा. अंदाजपत्रकाची प्रत माहिती अधिकारात मिळते; तिच्यात जुना थर खोदून काढण्याची बाब आहे की नाही आणि रस्त्याची अंतिम पातळी किती धरली आहे, हे दोनच मुद्दे एखाद्या निवृत्त अभियंत्याकडून तपासून घ्यावेत. काम सुरू होण्याआधी प्रत्येक उंबऱ्याची उंची भिंतीवर खूण करून छायाचित्रासह नोंदवून ठेवावी. रस्ता झाल्यावर ती नोंद उपयोगी पडत नाही असे वाटते, पण दोषदायित्वाच्या मुदतीत, म्हणजे कामातील दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायच्या काळात, त्याच्याकडून दुरुस्ती करून घ्यायची असेल तर तोच पुरावा असतो.

काम कोणत्या महिन्यांत चालावे, हेही मोहिमेनेच सांगितले पाहिजे. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीचे चार आठवडे, पोळ्याचा आठवडा आणि दसरा ते दिवाळीचा काळ या मुदतीत पेठ खोदली गेली, तर व्यापाऱ्याचे अर्धे वर्ष बुडते.

सगळ्या मागण्या एकाच निवेदनात कोंबणे

जिल्हाधिकाऱ्यांना बारा मागण्यांचे निवेदन दिले, छायाचित्र वर्तमानपत्रात आले आणि पुढे काहीच झाले नाही, ही तक्रार वारंवार ऐकू येते. बारा मागण्या सहा कार्यालयांच्या असतात. गटार आणि दिवे नगरपालिकेचे, पण रस्ता राज्य मार्ग असेल तर तो सार्वजनिक बांधकाम विभागाचा. खांब आणि रोहित्र महावितरणचे. एकेरी वाहतुकीचा आदेश पोलीस आणि जिल्हा प्रशासनाच्या पातळीवरचा. बसथांबा एसटीच्या विभाग नियंत्रकांचा. एसटीच्या बाबतीत नंदुरबारच्या लोकांना धुळे विभागाकडे जावे लागते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. म्हणून एका कार्यालयाला एकच मागणी द्यावी, तिच्यासोबत एक नकाशा आणि दोन छायाचित्रे जोडावीत, आवक क्रमांक असलेली पोच घ्यावी आणि त्या क्रमांकाचा उल्लेख पुढच्या प्रत्येक पत्रात करावा.

वेळही चुकते. पालिकेचा अर्थसंकल्प जानेवारी-फेब्रुवारीत आकार घेतो, म्हणून दिवाळी संपताच कामाची मागणी खात्यात पोचली पाहिजे. मे महिन्यात गेलेल्या शिष्टमंडळाला ‘पुढच्या वर्षी पाहू’ हे उत्तर मिळते आणि ते खोटेही नसते. मागणी करण्याआधी पेठेतील मालमत्ता कराची आणि पालिकेच्या गाळ्यांच्या भाड्याची थकबाकी किती आहे ते मात्र स्वतःच पाहून घ्यावे, नाहीतर मुख्याधिकारी ती यादी समोर ठेवतात आणि बैठक तिथेच संपते.

एका रात्रीचा महोत्सव

गाणी, भाषणे आणि खाद्यपदार्थांची दालने असा महोत्सव भरवून गर्दी जमते, पण त्या रात्री सराफाचे आणि भांडीवाल्याचे दुकान बंदच असते. खानदेशात खरेदीचे दिवस पंचांगानेच ठरवून दिलेले आहेत. आखाजीला सालदारांचा, म्हणजे वर्षाच्या कराराने ठेवलेल्या शेतगड्यांचा, हिशेब होतो आणि लेकी माहेरी येतात, म्हणजे हाती पैसा असतो आणि खरेदीला कारणही असते. श्रावणात कानबाई देवीचा उत्सव, मग पोळा, कापूस विकून आलेल्या पैशाची दिवाळी आणि होळीच्या आधी सातपुड्याच्या पायथ्याचे भोंगऱ्या बाजार, असे ते वर्ष फिरते. चोपडा, यावल, शिरपूर, शहादा या भागांतील पेठांना भोंगऱ्याच्या आठवड्यात डोंगरातून येणारे आदिवासी गिऱ्हाईक सांभाळता आले, तर वेगळा महोत्सव भरवण्याची गरज उरत नाही. त्या दिवसांत सर्व दुकाने उघडी ठेवणे, पिण्याचे पाणी आणि सावलीसाठी गल्लीवर हिरवी जाळी लावणे एवढे पुरते; जाळी मात्र बंबाला अडथळा होणार नाही इतक्या उंचीवर बांधावी.

साप्ताहिक सुट्टीचेही एकदा बघावे. १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झालेल्या राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार नोकराला आठवड्याची सुट्टी देऊन दुकान सातही दिवस उघडे ठेवता येते. तरीही ‘आमची पेठ अमुक वारी बंद’ हा शिरस्ता चालतो आणि तो वार नेमका नोकरदारांच्या सुट्टीचा असतो.

बंद कुलपांकडे दुर्लक्ष

बंद दुकानांचे कारण नेहमीच मंदी नसते. जुन्या भाड्याच्या जागांत मालकाला मिळणारे भाडे इतके किरकोळ असते की तो दुरुस्तीला हात लावत नाही, भाडेकरू पागडीच्या आशेने जागा सोडत नाही आणि वारसदार पुणे-सुरतेत विखुरलेले असतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे आणि त्यात वर्षाला चार टक्के भाडेवाढ तसेच घरमालकाची दुरुस्तीची जबाबदारी दोन्ही सांगितलेल्या आहेत. मोहिमेने यांच्या वादात पडू नये. मात्र प्रत्येक बंद दुकानाच्या नगर भूमापन क्रमांकाची, मालकाची आणि संपर्काची एक वही ठेवावी. जागा शोधणारा तरुण दुकानदार आला की त्याला दाखवायला दोन-तीन तयार जागा हाताशी असाव्यात, एवढाच तिचा उपयोग आहे आणि तो पुरेसा आहे.

यश कसे मोजायचे ते न ठरवणे

विक्री वाढली का, असे शेजारच्या दुकानदाराला विचारून खरा आकडा मिळत नाही. त्याऐवजी पेठेच्या दोन्ही तोंडांशी एक तास माणसे मोजावीत, बाजाराच्या दिवशी एकदा आणि साध्या दिवशी एकदा, आणि त्याच वेळी उघड्या शटरांची संख्या लिहावी. पुढच्या वर्षी तुलना करताना तारीख धरू नये, तिथी धरावी. आखाजी दरवर्षी सरकते आणि अधिक मासात लग्ने होत नाहीत; २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा आला आहे, त्यामुळे त्या वर्षीच्या मे अखेरचा आकडा आदल्या वर्षीच्या मे अखेरशी ताडून पाहिला, तर पेठ घसरली असा चुकीचा निष्कर्ष निघेल. मोजणी वाढलेली दिसली नाही, तर पहिल्यांदा बसस्थानकाच्या दारातल्या त्या तीन प्रश्नांची जुनी उत्तरे काढावीत आणि लोकांनी सांगितलेल्या कारणांपैकी कोणते अजून तसेच आहे ते शोधावे.