साभार परत आल्यावर

नवी कथा वाचायला दिली की कोल्हापुरात साधारण दोनच अभिप्राय मिळतात. "नाद खुळा लिहिलंयस भावा!" नाहीतर "न्हाई जमलं बघ." दोन्ही मनापासून असतात, आणि पुढच्या खर्ड्याला दोन्हींचा काडीचा उपयोग नसतो. (हा खर्डा कागदावरचा. मिरचीच्या खर्ड्याबद्दल इथं कुणाचं दुमत नसतं.)

टीका कामाची आहे की नाही, हे ठरवायची एक सोपी कसोटी आहे: तिला पान क्रमांक लावता येतो का? "कथा संथ आहे" हे मत झालं. "पान ४ वर बैलांचं वर्णन दीड पान चाललंय, तिथं मी वाचायचं थांबलो" ही टीका झाली. म्हणून संपादकाकडं पाठवण्याआधी कथेच्या तीन छापील प्रती काढा आणि तीन वेगळ्या माणसांना द्या. एक, त्या प्रकारचं नेहमी वाचणारा. दुसरा, तुमची फारशी ओळख नसलेला. तिसरा, त्यातला विषय जाणणारा. कथेत गुऱ्हाळ असेल तर काहिलीजवळ प्रत्यक्ष उभा राहिलेला गुळव्या चालेल, त्यानं आयुष्यात कथा वाचली नसली तरी. सोबत पेन्सिल द्या आणि तीनच खुणा करायला सांगा: जिथं थांबलात तिथं आडवी रेघ, जिथं मागं जाऊन परत वाचावं लागलं तिथं गोल, जे पटलं नाही तिथं फुली. देताना कथेबद्दल काही समजावून सांगू नका. ते वाचकाच्या डोक्यात बसतं आणि खुणा खोट्या होतात.

तिघांपैकी दोघांची खूण एकाच पानावर आली तर तिथं दोष आहे, हे धरून चाला. पण त्यांनी सुचवलेला इलाज बरोबर असेलच असं नाही. वाचक सर्रास म्हणतात, "शेवट बदल." बऱ्याचदा शेवट ठीक असतो, त्याची तयारी आधीच्या पानांत झालेली नसते. सुनेनं शेवटी घर सोडलं ते पटत नसेल, तर ती जाऊ शकते असं पान ३ वर कुठं दिसतं का ते बघा. दोन ओळींची भर पुरते. शेवट बदलणारे मात्र अख्खी कथा बिघडवतात.

नकाराचे प्रकार चार, आणि चौघांना उत्तर वेगळं. पहिला म्हणजे मौन. दिवाळी अंकांत हाच सगळ्यात जास्त. अंकाचं साहित्य साधारण जून-जुलैपर्यंत गोळा होतं, मग संपादनाची आणि जाहिरातींची धावपळ सुरू होते आणि नकार कळवायला कुणाला वेळ उरत नाही. तीन महिने थांबा, दोन ओळींचं एकच स्मरणपत्र पाठवा, आणखी पंधरा दिवसांनी "कथा मागे घेत आहे" असं लेखी कळवून ती दुसरीकडं पाठवा. हे कळवणं टाळू नका. एकच कथा दोन अंकांत छापून आली की दोन्ही संपादकांची दारं बंद होतात, आणि ही चूक नवखे लेखक दरवर्षी करतात.

दुसरा प्रकार छापील "साभार परत", म्हणजे कारण न देता आलेली नकाराची चिठ्ठी. त्यात अर्थ शोधत बसू नका. त्या अंकात ग्रामीण कथा आधीच तीन झाल्या असतील, किंवा तुमची कथा ६,००० शब्दांची आणि जागा ३,००० शब्दांची असेल. प्रकाशकांच्या बाबतीत हिशेब आणखी रोकडा असतो. कवितासंग्रहाच्या ५०० प्रती काढल्या तरी त्या खपायला वर्षं लागतात, हे प्रकाशकाला पहिल्या पानाआधीच माहीत असतं. कधीकधी तर फाइलच उघडलेली नसते: मजकूर जुन्या फॉन्टमध्ये पाठवला की समोरच्याला नुसती चित्रलिपी दिसते. युनिकोड आणि सोबत पीडीएफ, दोन्ही पाठवा.

तिसरा, कारणासहित नकार. संपादकानं वेळ काढून दोन वाक्यं लिहिली, म्हणजे त्याला तुमच्यात काहीतरी दिसलंय. आभाराची एक ओळ लिहा. वाद नको, आणि त्याच दिवशी दुरुस्त खर्डाही नको. चौथा, "बदल करून पाठवा." हा नकार नसून अर्धा होकार आहे, आणि लोक नेमके इथंच रुसून बसतात. कुठले बदल केले, कुठले का केले नाहीत, याची अर्ध्या पानाची टीप जोडून महिन्याच्या आत कथा परत पाठवा.

एक पाचवाही आहे, नकाराहून घातक: होकार, सोबत खर्चाचं पत्रक. पैसे मागणारा होकार म्हणजे निवड नव्हे. किती प्रती छापणार, विक्री कोण करणार, उरलेल्या प्रती कुणाच्या घरी येणार, हे लेखी घेतल्याशिवाय हो म्हणू नका. पलंगाखाली चारशे प्रती ठेवून झोपणं कुठल्याही परीक्षणापेक्षा जड जातं.

या सगळ्यासाठी एक वही हवी: कथेचं नाव, शब्दसंख्या, कुठं पाठवली, तारीख, उत्तर, पुढचं ठिकाण. पुढचं ठिकाण पाठवतानाच लिहून ठेवायचं. नकार आला त्या संध्याकाळी ते सुचत नाही.

पुस्तक आल्यावर वर्तमानपत्राकडं परीक्षणासाठी सहसा दोन प्रती द्याव्या लागतात, आत "अभिप्रायार्थ" लिहून. त्यातून तीनपैकी एक गोष्ट होते: साभार पोच, परिचय किंवा परीक्षण. पोच म्हणजे फक्त नाव-किंमत, परिचय म्हणजे मजकुराचा सारांश. टीका फक्त परीक्षणात असते, म्हणून रुसायचंच तर तिथंच रुसा. परीक्षकाला फोन करून "कधी येणार?" विचारू नये. छापून आल्यावर "असं का लिहिलंत?" तर अजिबातच नाही. उत्तर फक्त वस्तुस्थितीच्या चुकीला द्यावं: गावाचं नाव, साल, पात्राचं नातं. संपादकाच्या नावे शंभर-दीडशे शब्द, आठवड्याच्या आत, विशेषणं शून्य. ऑनलाइन दुकानांवर घरच्यांकडून पाच तारे लावून घेऊ नका. लेखकाच्या जवळच्यांनी लिहिलेले अभिप्राय ॲमेझॉनच्या नियमात बसत नाहीत, ते काढून टाकले जातात.

इकडच्या लेखकांना हमखास ऐकावी लागणारी टीका बोलीची: "कळत नाही, प्रमाण भाषेत लिहा." ग्रामीण लेखक शंकर पाटील पट्टणकोडोलीचे, आनंद यादव कागलचे, म्हणजे दोघंही कोल्हापूर जिल्ह्यातलेच. दोघांचीही बोली मराठी वाचकानं उचलून धरली, तेव्हा बोली हा दोष नव्हे. पण या टीकेत बऱ्याचदा एक खरी तक्रार लपलेली असते: लेखन एकसारखं नाही. पान २ वर "न्हाई", पान ५ वर "नाय", पान ९ वर "नाही", आणि तिन्ही एकाच म्हातारीच्या तोंडी. आधी शब्दांची एक पानी यादी करा: हितं, कवा, व्हय, आलोया. एक रूप ठरवा आणि संपूर्ण संहितेत तेच ठेवा. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत, की दोन्ही बोलीत, हेही आधीच ठरवा. यादी संहितेला जोडलीत तर मुद्रितशोधक तुमची बोली "दुरुस्त" करत नाही.

सगळ्यात सांभाळून राहायचं ते ऐतिहासिक लेखनात. महाराणी ताराबाई किंवा राजर्षी शाहू महाराजांवर लिहिणाऱ्यानं आक्षेप येणारच हे धरून पहिल्या दिवसापासून पानवार आधारांची फाइल ठेवावी: प्रसंग, आधार, त्याचं पान, आणि कल्पनेचा भाग कुठून सुरू होतो. आक्षेप आला की त्या दिवशी समाजमाध्यमांवर काहीही लिहू नये. फाइल उघडा. चूक असेल तर मान्य करून पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती आणि हातातल्या प्रतींत शुद्धिपत्राची चिठ्ठी. आधार असेल तर तो पान क्रमांकासह लेखी कळवा. वकिलाची नोटीस आली तर स्वतः उत्तर लिहू नका. त्यातली मुदत वाचा, त्याच दिवशी प्रकाशकाला कळवा, आणि वकिलाकडं जाताना प्रकाशनाचा करार बरोबर न्या. खटल्याचा खर्च कुणी सोसायचा हे त्यातल्याच एका कलमात असतं, आणि सही करताना ते कलम सहसा कुणी वाचलेलं नसतं.