सिरपूरच्या काठी एक तास: विसावा आणि स्तवन

इंदूरच्या मराठी घरांत देवपूजेला वेळ निघतो, विसाव्याला मात्र क्वचितच निघतो. निसर्गाच्या सान्निध्यात या दोन्ही गोष्टी एकत्र साधतात, पण त्यांचा क्रम सांभाळावा लागतो: आधी शरीराने विसावावे, मग डोळ्यांनी पाहावे आणि स्तुती सर्वांत शेवटी करावी.

आरंभ धार रस्त्यावरील सिरपूर तलावापासून करावा. होळकरांच्या राजवटीत बांधलेला हा तलाव २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आला आणि हिवाळ्यात तेथे चक्रवाक, थापट्या, तलवार बदक असे स्थलांतरित पाहुणे उतरतात. जानेवारीत येथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा त्या वेळेआधी पोहोचावे आणि सूर्य पाठीशी येईल अशी जागा निवडावी, म्हणजे कोवळे ऊन समोरच्या पाण्यावर आणि पक्ष्यांवर पडते. पोहे-जलेबीचा बेत परतीच्या वाटेवर ठेवावा. इंदूरकराची कोणतीही सहल त्यापासूनच सुरू होते हे ठाऊक असूनही हा आग्रह धरतो, कारण खाण्याची पुडी उघडली की लक्ष तिच्याकडेच जाते आणि शेवेचे तुकडे पाण्यात पडतात.

पहिली वीस मिनिटे काहीही करू नये. जपमाळही पिशवीतच राहू द्यावी, कारण सवयीने चाललेला जप पुष्कळदा मनातल्या हिशेबांना आडोसा देतो. डुलकी लागली तर लाज वाटू देऊ नये. थकलेल्या माणसाची ती पहिली गरज असते. त्यानंतर दृष्टी एकाच ठिकाणी, एखाद्या झुडपावर किंवा पाणवनस्पतींच्या पट्ट्यावर, स्थिर करावी. पक्ष्यांची यादी करण्याचा किंवा छायाचित्रे काढण्याचा मोह याच वेळी होतो. तो छंद उत्तम आहे, परंतु त्यासाठी दुसरा दिवस राखावा.

स्तुतीच्या बाबतीत बहुतेकांची अडचण अशी होते की ‘देवा, तुझी सृष्टी किती सुंदर’ एवढे म्हटल्यावर पुढे शब्द सुचत नाहीत. त्याऐवजी त्या सकाळी जे प्रत्यक्ष पाहिले तेच देवापुढे मांडावे: कमळपक्षी आपल्या लांबलचक बोटांवर भार विभागून तरंगत्या पानांवरून चालत गेला, टिबुकलीने बुडी मारली आणि ती भलतीकडेच वर आली. असे एखादे दृश्य हलक्या आवाजात सांगून झाले की आपल्या दैवताचे नाव घ्यावे, मग ते विठ्ठल असो, दत्त असो वा मल्हारी मार्तंड. निर्माल्य किंवा दिवा पाण्यात सोडू नये.

महिनाभर दर रविवारी त्याच जागी बसावे. जागा बदलत राहिल्यास प्रत्येक वेळी नवलाईच पदरी पडते. पावसाळ्यात पाताळपाणीचा धबधबा सुंदर दिसतो खरा, पण तेथील गर्दीत विसावा मिळत नाही आणि वरून पाण्याचा लोंढा अचानक येऊ शकतो, म्हणून प्रवाहात उतरू नये.

ज्या वडीलधाऱ्यांना तलावापर्यंत जाणे झेपत नाही, त्यांच्यासाठी गच्ची पुरेशी आहे. माळव्याच्या रात्री उन्हाळ्यातही सुखद होतात, आणि मे महिन्यात अंधार पडल्यावर सप्तर्षी उत्तरेला उंच असतात. तेथे वसिष्ठाशेजारची अंधुक अरुंधती शोधावी, सापडेपर्यंत घाई करू नये आणि चष्मा मात्र आठवणीने वर न्यावा.