खाऱ्या हवेत ब्रेक कॅलिपर रंगवताना

रत्नागिरी, देवगड, मालवण या किनारपट्टीवर गाडी वापरणाऱ्यांच्या ब्रेक कॅलिपरवर (चाकामागे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागावर) खाऱ्या, दमट हवेमुळे गंज लवकर चढतो. त्यामुळे तिथे रंगकाम ही केवळ हौस राहत नाही. घाटउतारावर कॅलिपर चांगलेच तापतात आणि साधा ऑइलपेंट त्या उष्णतेने फुगून सुटतो, म्हणून उष्णतारोधक कॅलिपर पेंटच घ्यावा. माझ्या मते दोन घटक मिसळून ब्रशने लावायचा इपॉक्सी रंग स्प्रेपेक्षा अधिक टिकतो.

खरे काम मात्र रंगापूर्वीचे आहे. गाडी जॅकवर उचलल्यावर खाली स्टँड लावूनच चाक काढावे. कॅलिपर प्रथम साबणाच्या पाण्याने धुऊन खार घालवावा, कारण मीठ रंगाखाली अडकले की गंज आतून पसरत राहतो. वाळल्यावर तारेच्या ब्रशने सुटा गंज काढून पॉलिश पेपरने पृष्ठभाग किंचित खरखरीत करावा व शेवटी ब्रेक क्लीनरने पुसावा. रॉकेल तेलकट थर मागे ठेवते, ते टाळावे. पिस्टनचे रबर, ब्लीडर निपल (ब्रेक ऑइलमधली हवा काढण्याचे छोटे तोंड), स्लाइड पिन (ज्यांवर कॅलिपर सरकतो), पॅड टेकण्याच्या जागा आणि डिस्क यांवर रंग अजिबात जाऊ देऊ नये. ब्लीडर निपलभोवतीची खाच नीट न्याहाळावी. तिथे झिरपलेल्या ब्रेक ऑइलचा एक थेंबही नवा रंग उचलतो.

पावसाळ्यात हे काम काढू नये. नोव्हेंबरनंतरच्या कोरड्या दिवशी, दव सुकल्यावर, दोन-तीन पातळ हात द्यावेत आणि डब्यावर दिलेला वाळण्याचा अवधी पूर्ण होईपर्यंत गाडी काढू नये.