दवाखान्याची पाटी लिहून घेताना

डॉक्टर, मजकूर कागदावर लिहून आणा आणि सोबत नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा. तोंडी सांगितलेली पदवी मी रंगवत नाही. एकदा 'हृदयरोगतज्ज्ञ' लिहून दिलं. त्या डॉक्टरांकडे त्या शाखेची पदवीच नव्हती. त्या शब्दावर पांढरा हात मारायला मीच शिडी घेऊन गेलो.

ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी 2002 ची आचारसंहिता आहे. पाटीवर नाव, मान्यताप्राप्त पदवी, विशेष शाखा, नोंदणी क्रमांक आणि परिषदेचं नाव, म्हणजे आपल्याकडे महाराष्ट्र वैद्यकीय परिषद. 'खात्रीशीर इलाज' वगैरे गाळाच. क्रमांक कोपऱ्यात बारीक नको. नावाच्या लगेच खाली, दोन इंची अक्षरांत, म्हाताऱ्या माणसालाही रस्त्यावरून वाचता यावा. त्यावरूनच तर पेशंटला खातरजमा करता येते. चिठ्ठीवर आणि पावतीवरही तोच क्रमांक छापून घ्या.

पाटी अवाढव्य नको, तीन बाय दोन फूट पुरते. मेडिकलच्या दुकानावर तुमची पाटी लावायला सांगू नका, ते नियमात बसत नाही. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, तर पेपरात साधं निवेदन देता येतं.

रंग वाळायला दोन दिवस धरा.