रनिंग जास्त असलं तरी पेट्रोल गाडी घ्यावी का?

वर्षाला ३०,००० किमी म्हणजे डिझेलच, असं ठरवून टाकू नका. आधी लिटरमध्ये हिशोब मांडा. पेट्रोल गाडी १४ आणि डिझेल १९ चं ॲव्हरेज देत असेल, तर वर्षाला साधारण २,१४० विरुद्ध १,५८० लिटर. या फरकाचे रुपये काढा आणि त्यातून डिझेलची जादा किंमत, विमा आणि देखभाल वजा करा. डिझेलमध्ये इंजेक्टर (इंधन फवारणारा भाग), ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप), ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनची थरथर शोषणारं जड चाक), डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) यांपैकी एखादं काम निघालं की वर्षभराची बचत त्यातच जाऊ शकते. रनिंग शहरातल्या छोट्या फेऱ्यांचं असेल तर डीपीएफमधली काजळी जळायला लागणारं तापमानच मिळत नाही, फिल्टर तुंबतो.

पेट्रोलची मजा वरच्या आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) असते, त्यामुळे टेस्ट ड्राइव्हला तिसऱ्या गिअरमध्ये २,००० पासून ५,५०० पर्यंत खेचून बघाच. टर्बो पेट्रोल (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारी) मात्र जोरात हाणली की ॲव्हरेज झपाट्याने पडतं; कागदावरचा आकडा धरू नका. डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) असेल तर इनटेक व्हॉल्व्हवर, म्हणजे हवा आत घेणाऱ्या झडपेवर, कार्बन साचतो, कारण तो धुवून काढणारा पेट्रोलचा फवारा तिथे पोचतच नाही. ऑइल वेळेआधी बदललेलं बरं. सतत भरलेली गाडी किंवा घाटरस्ता असेल तर डिझेलचा टॉर्कच (ओढायची ताकद) सोयीचा.