परसबागेतील तळे: बेडूक आणि चतुर आपण होऊन यावेत म्हणून

परसबागेत लहानसे तळे करायचे असेल, तर खोदकाम मे महिन्यातच संपवावे. महाराष्ट्रातील बहुतेक बेडकांची वीण मोसमी पावसाच्या पहिल्या दमदार सरींबरोबर सुरू होते, आणि त्या रात्री पाणी तयार असेल तर जवळपासचे बेडूक ते स्वतः शोधून काढतात. दुसरीकडून बेडूक, अंडी किंवा बेडूकमासे आणून सोडू नयेत. बेडकांच्या त्वचेला होणारा कायट्रिड बुरशीचा संसर्ग सह्याद्रीतही आढळलेला आहे आणि तो पाण्यावाटे पसरतो, म्हणून बादलीभर पाण्यातून आपण काय नेत आहोत हे डोळ्यांना दिसत नाही.

दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि मधोमध दीड ते दोन फूट खोल एवढा खड्डा पुरतो. खोलीपेक्षा काठाकडे अधिक लक्ष द्यावे, कारण तळ्याचे यशापयश माझ्या मते काठावरच ठरते. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यांत पडलेले प्राणी घसरड्या उतारावरून वर येऊ न शकल्याने बुडतात, हे शेतकऱ्यांना चांगले ठाऊक आहे. तोच कागद घरच्या तळ्यात उघडा राहिला, तर नुकतेच पाय फुटलेले नखाएवढे बेडूकही त्यावरून चढू शकत नाहीत. म्हणून निदान एक बाजू अगदी सावकाश उतरती ठेवावी आणि तिथला कागद माती व गोट्यांखाली पूर्ण झाकावा. सिमेंटचे तळे असल्यास चुना उतरून जाण्यासाठी ते काही दिवस भरून ठेवावे व रिकामे करावे, आणि असे दोन-तीन वेळा केल्यावरच वापरात आणावे. पावसाचे पाणी सर्वांत उत्तम. नळाचे भरल्यास क्लोरीन उडून जाण्यासाठी ते दोन दिवस उघडे राहू द्यावे. घरात लहान मुले असतील तर भोवती कुंपण हवेच.

कडेला वेखंड, लव्हाळे आणि नीरब्राह्मी, पाण्यात कुमुद, अशी इथलीच झाडे लावावीत. जलपर्णी मात्र एक रोपही आणू नये. ती थोड्याच काळात सगळा पृष्ठभाग झाकून टाकते.

पाणी भरल्यावर सर्वांत आधी डास येतात, आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटून गप्पी किंवा गॅम्बुसिया मासे सोडले जातात. हे मासे डासांच्या अळ्यांबरोबर बेडकांची अंडी आणि लहान बेडूकमासेही खातात, त्यामुळे ज्या तळ्यात बेडूक हवेत त्यात मासे सोडू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. अंड्यातून निघून डास उडून जाईपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. तेवढ्या अवधीत दर तीन-चार दिवसांनी बारीक जाळीने अळ्या काढून टाकाव्यात, किंवा केवळ अळ्यांवर काम करणारे बीटीआय हे जिवाणूजन्य औषध दिलेल्या प्रमाणात वापरावे. रॉकेल किंवा तेल ओतू नये. थोड्याच आठवड्यांत पाणकिडे आणि चतुरांची पिल्ले आली की हे काम बरेचसे तीच करतात. नियमितपणे पाण्याची पाहणी मात्र आपल्यालाच करत राहावी लागते.

चतुर आणि टाचण्या (चतुरांसारखेच, पण सडपातळ कीटक) अंडी घालायला लवकर येतात. त्यांची पिल्ले पाण्यातच वाढतात, डासांच्या अळ्या खातात आणि जमल्यास एखादा बेडूकमासाही पकडतात. यात हस्तक्षेप करू नये. वाढ पूर्ण झाली की पिल्लू रात्री उभ्या देठावर चढते, आणि सकाळी वेखंडाच्या पात्यावर पाठीवर उकललेली, सहाही पायांनी पात्याला घट्ट धरून राहिलेली तपकिरी पोकळ कात दिसते. काठावर उभी पाने असलेली झाडे हवीत ती यासाठीच.

बेडकांची अंडी ओळखता आली तर चुकून फेकली जात नाहीत. भेकाची, म्हणजे खडबडीत त्वचेच्या बेडकाची, अंडी पाण्याखालच्या देठांभोवती गुंडाळलेल्या काळ्या मण्यांच्या लांब माळांसारखी असतात. झाडबेडूक पाण्यावर झुकलेल्या पानावर किंवा तळ्याच्या भिंतीवर पांढऱ्या फेसाचा गोळा करतो, आणि अनेकदा तो घाण समजून पाण्याच्या फवाऱ्याने धुतला जातो. त्याच्या आत अंडी असतात, आणि काही दिवसांनी पिल्ले फेसातून सुटून खाली पाण्यात पडतात. म्हणून भिंत पाण्याच्या थेट वर असू द्यावी. भेकाची पिल्ले साधारण महिना-दीड महिन्यात जमिनीवर येतात, त्या दिवसांत काठावरचे गवत कापू नये आणि बागेत कीटकनाशके मुळीच फवारू नयेत.

बेडूक आले की पाणदिवडही येण्याची शक्यता असते. हा साप बिनविषारी आहे. तरी सापाची खात्रीशीर ओळख पटेपर्यंत अंतर राखावे, त्याला मारू नये, आणि तो घरात शिरल्यास सर्पमित्रांना बोलवावे. खंड्या आणि ढोकरी या पक्ष्यांचे येणेही तसेच स्वीकारावे.

उन्हाळ्यात तळे आटले तरी काळजी नको, कारण कोरडे पडणाऱ्या पाण्यात मासे टिकत नाहीत आणि पावसाळ्यात अंडी घालणाऱ्या अनेक बेडकांना असेच पाणी मानवते. एप्रिलमध्ये गाळ काढताना अर्धा गाळ तसाच राहू द्यावा, काढलेला अर्धा एक दिवस काठावर ठेवावा, म्हणजे त्यातील जीव पाण्याकडे परत जाऊ शकतात, आणि मगच तो झाडांच्या बुंध्याशी घालावा.