मुंबई ते न्यूयॉर्क २,४०० किलोमीटर? अंतर काढताना या चुका टाळा

पुतण्या शिकायला न्यूयॉर्कला निघाला तेव्हा जिजीने विचारलं, "कितलं लांब शे रे ते?" मी एक्सेल उघडलं, अक्षांश-रेखांशांवरून अंतर काढायचं सूत्र टाकलं आणि ऐटीत सांगितलं, चोवीसशे किलोमीटर. पुतण्या म्हणाला, "काका, मग सोळा तास विमान काय बैलगाडीच्या चालीने जाणार?"

घोळ एका उणे चिन्हाचा होता. ग्रीनिचच्या पश्चिमेचे रेखांश उणे धरायचे असतात. न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. मी नुसतंच ७३.७८ लिहिलं, ते पूर्व झालं आणि विमान उतरलं किर्गिझस्तानच्या डोंगरात! मुंबईचा रेखांश ७२.८७. दोन आकडे इतके शेजारी दिसल्यावर तिथेच शंका यायला हवी होती. उणे टाकलं, उत्तर आलं सुमारे १२,५३० किलोमीटर.

याच सूत्रातल्या साइन-कोसाइनला एक्सेलमध्ये अंश कळत नाहीत, रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) लागतात. अंश तसेच घातले तरी उत्तर येतं, म्हणून ही चूक लवकर सापडत नाही.

एककही बघा. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ धरली तर उत्तर किलोमीटरमध्ये, ३,९५९ धरली तर मैलांत. वैमानिकांचा सागरी मैल तिसराच, १.८५२ किलोमीटरचा. त्यामुळे हेच अंतर कुठे ७,७९० दिसतं, कुठे ६,७७०.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवू नका. ती रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक अशी जाते. पृथ्वीगोलावर सुतळी ताणून बघा: मुंबईहून ती वायव्येच्याही वर, उत्तरेकडे झुकत निघते आणि ६४ अक्षांशाच्या पुढे चढून मग खाली येते. जवळची वाट ती.

अर्थात विमान त्याच वाटेने जाईल असं नाही. जळगाव ते मुंबई सरळ रेषेत साधारण ३५५ किलोमीटर, पण मनमाड, नाशिक, कसारा घाट करत रेल्वे ४२० घेते. आकाशातही वळसे असतातच. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा पश्चिमेकडच्या उड्डाणांना असाच वळसा पडला.

तिकिटावरच्या वेळांवरून अंतर ताडणारेही भेटतात. रात्री दोनला सुटून सकाळी साडेसातला उतरलं म्हणजे साडेपाच तास नव्हेत. हिवाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे (उन्हाळ्यात साडेनऊ), म्हणजे प्रवास सोळा तासांचा. येताना वरचे पश्चिमी वारे पाठीशी असतात, त्यामुळे वेळ कमी लागतो. अंतर तेवढंच.

जिजीला दुरुस्त आकडा सांगितला. तिने आपल्या मापाने हिशेब लावला, रेल्वेने मुंबईला पंधरा वेळा जाऊन-येऊन. मग दशम्यांचा डबा बदलून मोठा घेतला.